धावणे कुत्र्याचे, थांबणे मालकाचे

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात ऑक्टोबरमधला तिसरा शनिवार जवळजवळ सणासारखाच साजरा होतो. फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम त्या दिवशी सुरू होतो. लांब शेपटीचा, कोंबड्याच्या कुळातला हा पक्षी मूळचा आशियातला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो या राज्यात सोडण्यात आला, गव्हा-मक्याच्या शेतांत रुजला आणि पुढे राज्यपक्षीही ठरला. हंगामात शिकाऱ्याला दिवसाला फक्त तीन नर टिपता येतात, मादीला हात लावता येत नाही. देशभरातून लोक बंदुका आणि कुत्री घेऊन येतात. बंदूक माणसाची असली तरी खरी शिकार कुत्र्याची असते. कमरेइतक्या उंच गवतात लपलेला पक्षी वासाने हुडकणे, त्याला उडवणे आणि पडल्यावर तोंडात अलगद धरून मालकापर्यंत आणणे, ही सगळी कामे त्याचीच.

२००३ साली मात्र या सणावर सुतक आले. हंगामाच्या पहिल्या शनिवार-रविवारी हवा ऑक्टोबरला न शोभेल इतकी तापलेली होती. वर्षभर अंगणात आणि सोफ्यावर बसलेली कुत्री एकदम उंच गवतात सोडली गेली. त्या दोन दिवसांत शंभराहून अधिक कुत्री उष्माघाताने दगावल्याचे तेव्हा सांगण्यात आले. ती आजारी नव्हती, म्हातारी नव्हती, आणि कोणी त्यांना मारूनमुटकून पळवलेही नव्हते. ती आपल्या आनंदाने धावली आणि धावता धावता कोसळली. अमेरिकेतील शिकारविषयक लिखाणात त्या आठवड्याचा उल्लेख आजही हंगामाच्या तोंडावर होतो.

शिकारी कुत्र्याच्या तंदुरुस्तीचा विचार इथूनच सुरू करावा लागतो. माणूस थकला की थांबतो. शिकारी जातीचा कुत्रा थांबतोच असे नाही, कारण पिढ्यानपिढ्या निवड झाली ती न थांबणाऱ्यांचीच. जो दमून बसला त्याची पिल्ले कोणी मागितली नाहीत. वासाचा माग लागला की तहान, उन्हाचा चटका, पायाची जखम यांतले काहीही त्याला जाणवत नाही. त्याचा उत्साह पाहून तो ठीक आहे असा निष्कर्ष काढणे हीच मालकाची सर्वांत मोठी चूक ठरते.

हा विषय आपल्यापासून दूरचा वाटेल. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आहे. कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत वन्य प्राण्याचा कुत्र्यांकरवी पाठलाग करणेही येते. तरीही शिकारी कुत्री आपल्या घरांत आहेतच. मुंबई-पुण्याच्या इमारतींत दिसणारा लॅब्राडॉर पडलेला पक्षी आणून देण्यासाठी ब्रिटिश जमीनदारांनी घडवला. गोल्डन रिट्रीव्हर स्कॉटलंडमध्ये त्याच कामासाठी जन्मला. बीगल सशामागे धावणारा, कॉकर स्पॅनिअल झुडपांतून पक्षी उठवणारा, आणि ज्याच्या आखूड पायांचे आपल्याला हसू येते तो डॅक्सहुंड बिळातल्या बिज्जूला भिडणारा. काम गेले, पण शरीर आणि स्वभाव तोच राहिला. त्यामुळे साउथ डकोटातल्या मालकाने जे शिकायचे त्यातले बरेचसे वाकड आणि बोरिवलीतल्या मालकाच्याही उपयोगाचे आहे.

तयारी पावसाळ्यापासून

हंगाम ऑक्टोबरमध्ये असेल तर तयारी ऑगस्टपासून सुरू व्हायला हवी. साधारण सहा ते आठ आठवड्यांचा हा काळ हौसेचा नसून शरीराच्या गरजेचा आहे. नियमित व्यायामाने स्नायूंतील प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, आणि हे बदल आठवड्याभरात होत नाहीत. सुरुवात वीस-पंचवीस मिनिटांच्या भरभर चालण्याने करावी, मग हळूहळू धावणे, चढ-उतार आणि पोहणे वाढवावे. पोहण्याने सांध्यांवर भार न पडता दम वाढतो. वाढीच्या वयातल्या पिल्लाला मात्र लांब पल्ल्याचे धावणे देऊ नये.

अलीकडे कुत्र्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधण्याची पद्धत रूढ झाल्यापासून शिकाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली आहे. आपण जितके चालतो त्याच्या तिप्पट-चौपट अंतर कुत्रा सहज कापतो. मालक दहा किलोमीटर चालून घरी येतो आणि पाय चेपत बसतो, तेव्हा त्याचा पॉइंटर तीस-चाळीस किलोमीटर धावलेला असतो, तेही नांगरटीतून आणि काटेरी झुडपांतून. एवढे अंतर कोणत्याही शरीराकडून पूर्वतयारीविना मागणे हा अविचारच आहे.

तयारीचा दुसरा भाग वजनाचा. बरगड्यांवरून हात फिरवला असता त्या दाबल्याविना हाताला लागाव्यात, आणि वरून पाहिले असता कंबर आत गेलेली दिसावी, ही साधी परीक्षा. लॅब्राडॉरच्या बाबतीत ती कठोरपणे घ्यावी लागते. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की, ब्रिटनमधील सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडॉरमध्ये असा एक जनुकीय दोष असतो की ज्यामुळे त्यांची भूक लवकर शमत नाही. म्हणजे ताटाजवळ बसून केविलवाणे पाहणारा आपला कुत्रा दरवेळी नाटक करत असतो असे नाही, पण म्हणून त्याला दुसरी पोळी द्यावी असेही नाही. अठ्ठेचाळीस लॅब्राडॉरवर चौदा वर्षे चाललेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भावंडांपेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न मिळालेली कुत्री सरासरी पावणेदोन वर्षांहून थोडी अधिक जगली आणि त्यांच्यात सांधेदुखीही उशिरा आली. जाड कुत्र्याच्या अंगावरची चरबी उन्हात घोंगडीसारखी काम करते, हे तर वेगळेच.

ऊर्जा चरबीची, वेळ रात्रीची

धावपटू शर्यतीआधी भात, पोळी, बटाटा असे पिष्टमय पदार्थ भरपूर खातो. तोच नियम कुत्र्याला लावणे चुकीचे आहे. कुत्र्याचे स्नायू मुख्यतः चरबी जाळून दीर्घकाळ काम करतात, आणि या बाबतीत ते माणसाच्या कितीतरी पुढे आहेत. एक ग्रॅम चरबीतून नऊ कॅलरी मिळतात, प्रथिने किंवा पिष्टातून चारच. हे ज्ञान प्रथम पक्के झाले ते बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या निरीक्षणातून. १९७०च्या दशकात अमेरिकी पशुवैद्यक डेव्हिड क्रोनफेल्ड यांच्या लक्षात आले की, पिष्टमय आहारावर ठेवलेली गाडीची कुत्री शर्यतीत आखडू लागतात. आहारातले पिष्ट काढून चरबी व प्रथिने वाढवल्यावर हा त्रास कमी झाला. अलास्कातील 'इडिटरॉड' या सुमारे सोळाशे किलोमीटरच्या शर्यतीत वीस-पंचवीस किलो वजनाचा कुत्रा दिवसाला दहा हजारांच्या आसपास कॅलरी जाळतो. इतकी ऊर्जा पोटात मावेल अशा आकारात फक्त चरबीच देऊ शकते.

शिकारी कुत्र्याची गरज एवढी टोकाची नसते. नेहमीच्या दीडपट ते दुप्पट, थंडीत आणि सलग दिवस काम असेल तर त्याहून काहीशी अधिक, असा अंदाज धरला जातो. तयार खाद्य निवडताना साधारण तीस टक्के प्रथिने आणि वीस टक्के चरबी असलेले घ्यावे, असे पशुवैद्य सांगतात. पण हे खाद्य हंगामाच्या आदल्या आठवड्यात सुरू करून भागत नाही. चरबी जाळण्याची स्नायूंची यंत्रणा त्या आहाराला जुळवून घ्यायला कित्येक आठवडे घेते. म्हणून व्यायामाबरोबरच खाद्यही हळूहळू बदलावे आणि हंगाम संपल्यावर प्रमाण कमी करावे. ज्यांना स्वादुपिंडाचा विकार होऊन गेला आहे अशा कुत्र्यांना मात्र चरबीचा आहार घातक ठरू शकतो, तिथे पशुवैद्याला विचारल्याखेरीज काही बदलू नये.

काय घालावे याइतकेच केव्हा घालावे हेही महत्त्वाचे आहे, आणि बहुतेक मालक नेमके इथेच चुकतात. दिवसभर राबणार आहे म्हणून सकाळी त्याला पोटभर खाऊ घालण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. मायेचा हा हिशेब शरीराच्या हिशेबात बसत नाही. जेवणानंतर रक्तात इन्शुलिन वाढते आणि इन्शुलिन चरबी जाळण्यास आडकाठी करते, म्हणजे जे इंधन वापरायचे त्याच्याच टाकीला कुलूप. शिवाय भरल्या पोटी धावताना अन्न आतड्यांत ओझे होऊन राहते. खोल छातीच्या जातींत तर पोट फुगून त्याला पीळ बसण्याची भीती असते, आणि हा पीळ काही तासांत प्राण घेतो. त्यामुळे मुख्य जेवण आदल्या संध्याकाळी द्यावे, सकाळी पाणी द्यावे आणि रिकाम्या पोटी निघावे. काम संपल्यावर धाप शमेपर्यंत, निदान तासभर तरी, जेवण देऊ नये.

याला एक पुरवणी आहे. काही सडपातळ, उतावीळ कुत्र्यांची रक्तातील साखर तास-दोन तासांच्या धावपळीनंतर एकाएकी उतरते. कुत्रा भांबावल्यासारखा उभा राहतो, मागचे पाय लटपटतात, क्वचित झटकेही येतात. अशा कुत्र्याला मधल्या विश्रांतीत थोडे थोडे खाऊ घालावे, आणि खिशात मध ठेवावा. लक्षणे दिसताच हिरड्यांना मध चोळावा आणि कुत्र्याला काम थांबवून पशुवैद्याकडे न्यावे. सलग दोन-तीन दिवस काम असेल तर दिवस संपताच अर्ध्या तासाच्या आत थोडे पिष्ट देण्याचा उपयोग होतो, कारण त्या वेळी स्नायू रिकामा झालेला साखरेचा साठा झपाट्याने भरून घेतात. मालकाच्या पिशवीतले चॉकलेट आणि मनुका मात्र कुत्र्याला विषसमान आहेत. माणसांची वेदनाशामक गोळीही तशीच. अंग दुखत असेल म्हणून आपल्यातली अर्धी गोळी देणारे मालक पशुवैद्यांना आपल्याकडेही भेटतात.

पाणी आणि नाक

कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, घामाच्या ग्रंथी काय त्या पंजांच्या तळव्यांत. सगळी उष्णता तो धापेवाटे बाहेर टाकतो आणि त्यासाठी पाणी खर्ची पडते. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे पाणी पाजावे, एकदम भांडेभर नाही. तळे किंवा ओढा दिसला की पिईल, या भरवशावर राहू नये.

पाण्याचा संबंध केवळ तहानेशी नाही. वासाचे कण नाकातल्या ओलसर आवरणात विरघळले तरच ओळखले जातात. शिवाय जो कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो आहे तो हुंगू शकत नाही, एका वेळी दोन्ही होत नाही. सराव नसलेल्या कुत्र्यांची वास ओळखण्याची क्षमता व्यायामानंतर घसरते आणि कसलेल्या कुत्र्यांची बव्हंशी टिकून राहते, असे प्रयोगांतही दिसले आहे. दुपारनंतर 'आज पक्षीच नाहीत' अशी कुरकुर करणाऱ्या शिकाऱ्याने आधी आपल्या कुत्र्याच्या जिभेकडे पाहावे, हे बरे.

चाळिशीपलीकडचा पारा

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. जोमाने धावताना ते ४१पर्यंत जाऊ शकते, आणि सरावलेला कुत्रा थांबल्यावर ते झपाट्याने उतरवतोही. न सरावलेल्याचे ते चढतच राहते. दमट हवेत धापेतून पाण्याची वाफ नीट होत नाही, म्हणून पारा फारसा चढलेला नसतानाही धोका असतो. उंच गवतात माणसाच्या चेहऱ्याला वारा लागत असतो, पण कुत्र्याच्या उंचीवर हवा कोंडलेली असते. मालकाला गारवा वाटतो त्या वेळी कुत्रा भट्टीत असू शकतो.

लक्षणे ओळखायला फार विद्या लागत नाही. जीभ नेहमीपेक्षा लांब बाहेर येते, तिचे टोक पसरट होते, हिरड्या लालभडक दिसतात, लाळ चिकट व दाट होते. एरवी पुढे असणारा कुत्रा मागे रेंगाळू लागतो, सावली शोधतो, हाकेला ओ देत नाही. यापुढची पायरी म्हणजे झोकांड्या, उलटी, रक्ती हगवण आणि शुद्ध हरपणे. तिथे पोचू द्यायचे नसेल तर पहिल्या पायरीवरच दिवस संपवावा. पक्ष्याचा कोटा पूर्ण झाला की नाही हा प्रश्न तेव्हा गैरलागू ठरतो.

उपचाराबाबतचे मत गेल्या काही वर्षांत बदलले आहे आणि जुना समज अजून गेलेला नाही, म्हणून हे नीट सांगायला हवे. थंड पाणी टाकले तर कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आत अडकते, म्हणून फक्त कोमट पाणी किंवा ओला टॉवेल वापरावा, असे पूर्वी सांगत. आजचा सल्ला याच्या उलट आहे. आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. तरुण, धडधाकट आणि शुद्धीवर असलेल्या कुत्र्याला डोके वर धरून थंड पाण्यात उतरवावे. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याच्या अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नये, थोड्याच वेळात तो गरम होऊन उलट पांघरुणासारखा वागतो. तापमान साधारण साडेएकोणचाळीस अंशांवर उतरले की पाणी थांबवावे. ब्रिटनमधील रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, उष्माघात झालेल्या कुत्र्यांपैकी पाचांतल्या जेमतेम एकाला दवाखान्यात आणण्यापूर्वी थंड करण्यात आले होते. बाकीच्यांची पहिली मोलाची मिनिटे गाडीतच गेली.

अमेरिकेतील पेनसिल्वानिया विद्यापीठाच्या 'वर्किंग डॉग सेंटर'ने २०२४ साली आणखी एक साधा उपाय मांडला. बादलीत तोंड व डोके बुचकळायला कुत्र्यांना खेळातून शिकवण्यात आले आणि व्यायामानंतर मानेवर बर्फाची पिशवी, ओले टॉवेल यांच्याशी या पद्धतीची तुलना केली. डोके बुचकळणाऱ्या कुत्र्यांचे तापमान सर्वांत लवकर उतरले. हा उपाय शुद्धीवर असलेल्या आणि स्वतःहून तोंड घालणाऱ्या कुत्र्यासाठीच आहे, कोणाचे डोके धरून पाण्यात दाबण्यासाठी नाही.

कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरी दवाखाना टाळू नये. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याच्या क्रियेवर झालेला आघात कधी कधी एक-दोन दिवसांनी उघड होतो.

लॅब्राडॉरच्या मालकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. काही लॅब्राडॉर पाच ते वीस मिनिटांच्या उत्तेजित धावण्यानंतर मागच्या पायांतून कोसळतात आणि विश्रांतीनंतर पूर्ववत होतात. हा आळस नव्हे आणि साधा उष्माघातही नव्हे. यामागचा जनुकीय दोष मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली शोधला, आणि त्यासाठी चाचणीही उपलब्ध आहे. असे एकदा जरी घडले तरी त्या कुत्र्याला जोरकस कामातून निवृत्त करावे, कारण पुढचा झटका जिवावर बेतू शकतो.

कुसळ आणि पंजे

दिवस संपला की कुत्र्याला गाडीत टाकून निघण्याआधी पाच मिनिटे त्याच्यावर खर्च करावीत. बोटांच्या बेचक्या, कान, डोळे, काखा, ओठांच्या घड्या, सगळीकडे हात फिरवावा. रानगवताचे कुसळ ही दिसायला क्षुल्लक गोष्ट आहे. आपल्याकडे ते म्हणीतही क्षुल्लकपणाचे उदाहरण म्हणूनच येते. पण त्याची खवल्यांची रचना अशी की ते पुढे सरकते, मागे येत नाही. कातडीतून किंवा श्वासावाटे आत शिरलेले कुसळ फुप्फुसापर्यंत पोचून आठवड्यांनी गळू झाल्याची प्रकरणे अमेरिकेतील पशुवैद्य दरवर्षी हाताळतात. तळव्यांना भेगा पडल्या असतील तर दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यावी. पंजे कणखर होतात ते आधीच्या आठवड्यांत खडबडीत जमिनीवर चालून, मलमाने नाही. ओला कुत्रा थंडीत उघड्या गाडीत प्रवास करून आखडतो, म्हणून पुसून, कोरड्या गवतावर किंवा जाड अंथरुणावर त्याला झोपू द्यावे. सलग दोन दिवस जोराचे काम झाल्यावर एक दिवस नुसते फिरणे, एवढे पथ्य पाळले तर हंगामाच्या अखेरीलाही कुत्रा पहिल्या दिवसासारखाच निघतो.

आपल्या अंगणात

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर आपल्याही मातीतला एक शिकारी कुत्रा आहे. कारवान म्हणा किंवा मुधोळ, उंच पायांचा, आत गेलेल्या पोटाचा, नजरेने सावज टिपून वाऱ्यासारखा धावणारा. सांगली, सोलापूर, लातूर भागांत तो भाकरी-दुधावर वाढला. सशामागे धावण्याचे त्याचे काम कायद्याने संपले, पण २०१६पासून लष्कराने मुधोळ जातीला मेरठच्या केंद्रात प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली. या जातीच्या बरगड्या किंचित दिसणे हे उपासमारीचे लक्षण नसते. शहरात आणलेल्या कारवानला 'बिचारा किती वाळलाय' म्हणून खाऊ घालून लठ्ठ करणारे मालक त्याचे धावणेच काढून घेतात. उन्हात तो लॅब्राडॉरपेक्षा सोशिक आहे खरा, पण अजिंक्य नाही.

आणि लॅब्राडॉरचे काय? मे महिन्यात सकाळी नऊला पुण्यातील कोणत्याही टेकडीवर गेले तर चेंडू फेकणारा मालक आणि तो पुन्हापुन्हा आणून देणारा कुत्रा दिसतोच. जीभ टोकाशी पसरट झालेली असते, तरी चेंडू पायाशी ठेवून तो मान वर करून पाहत राहतो. मालक म्हणतो, 'बघा, याचे अजून मन भरले नाही.' चेंडू खिशात घालायची वेळ खरे तर तेव्हाच झालेली असते.